पन्हळीतलं बोट

थंडीत या निवडुंगाच्या दोन कडांमधल्या पन्हळीत बोट घातलं, तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत जायला हवं. आज नखाशीच अडलं.

खांबासारखं सरळ वाढलेलं हे झाड काचघराच्या छताला हातभर कमी आहे. त्याला पानं नाहीत. पानांचं काम हिरवं खोडच करतं. आत पाणी साठलं की पन्हळी भरून येतात, आटलं की घडीसारख्या खोल जातात. थंडीत ते झोपतं, तेव्हा त्याला थेंबही द्यायचा नसतो. आणि हे तर झोपेत फुगलं होतं.

"जलोदर झालाय त्याला," काचघर झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "तू झारी लपवलीस, नळाला कुलूप घातलंस. आता तुझे बाबा प्यायच्या बाटलीतलं ओततात. या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते."

"हे उन्हाळ्यापासून ऐकतेय."

बाबा बाकावर बसले होते. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. ते इथलेच माळी. ते निवृत्त झाल्यावर काचघराची किल्ली माझ्याकडे आली. हे झाड त्यांनी बियांपासून वाढवलं. पहिली काही वर्षं ते अंगठ्याएवढंच होतं म्हणे. अलीकडे त्यांना आपण जेवलो का, ते आठवत नाही. झाडाला पाणी घालायचं तेवढं आठवतं. घातल्याचं आठवत नाही. रोज सकाळी बूट घालून दाराशी उभे राहतात, म्हणून मी सोबत आणते. घरी ठेवलं तर दिवसभर तसेच उभे राहतील.

मी बुंध्याशी बसून अंगठ्याने दाबून पाहिलं. तपकिरी डागाखाली मऊ लागलं. कूज वर चढणार. वरचा भाग अजून निरोगी होता. तो कापून सावलीत आडवा ठेवायचा, काप सुकून त्यावर साल धरेपर्यंत पाण्याला शिवू द्यायचं नाही. इतक्या जाड खोडाला महिने लागतात. मधे कुणी एकदा बाटली ओतली की संपलं.

"काय गं, काय शोधतेस?" बाबा काठी टेकत आले. वाकून त्यांनी खोडावर टकटक केलं, कान दिला. त्यांची नजर एकदम पूर्वीसारखी झाली.

"याला पाणी कुणी पाजलं?"

मी डागावरून अंगठा काढला.

"भर थंडीत? अगं, कुजलंय हे! कोण गाढव येतं इथे?"

मावशींचा झाडू थांबला.

"चुकून झालं असेल, बाबा. मायेनं."

"माया गेली खड्ड्यात! मायेनंच मरतात ही झाडं." त्यांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिलं. "वरचं वाचेल. पण आधी त्या माणसाला बाहेर काढ. पुन्हा पाऊल ठेवू देऊ नकोस आत. ऐकतेस ना?"

त्यांच्या स्वेटरच्या खिशातून बाटलीचं झाकण डोकावत होतं. मी बाटली काढून घेतली. ती रिकामी होती, बाहेरून अजून ओली.

"ऐकतेय," मी म्हणाले. स्वेटरचं वरचं बटण सोडवून त्याच्या काजात लावलं. "बाबा, उद्यापासून मी तुम्हाला इथे आणणार नाही."