उंच कॉलर

"या कोण?" डॉक्टरीणबाईंनी खाटेवरच्या पेशंटला विचारलं.

रोजचाच प्रश्न होता. त्याच्या रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढून, त्यांना लिम्फोमा, म्हणजे त्याचा गाठींचा कॅन्सर, ओळखायला शिकवून पुन्हा अंगात सोडल्या होत्या. त्या कामाला लागल्या की ताप चढतो, कधी भानही सुटतं, म्हणून सकाळी ही उजळणी. घरचं एक माणूस जवळ हवंच, असं बजावलं होतं. ते माणूस म्हणजे त्याची बायको. गल्लीत तिला टेलरबाई म्हणत. दुकानाला कुलूप लावून ती उशाशी बसली होती.

कालपर्यंत तो 'माझी बायको' म्हणायचा. आज तिच्याकडे बघून तोंडभर हसला. "अक्का."

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. "घाबरू नका, औषध देतो, उतरेल हे," असं सांगून डॉक्टरीणबाई गेल्या. टेलरबाईला हसूच आलं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बढती मिळून ती नणंद झाली होती.

त्याने तिचा हात धरला. "अक्का, हिला कळू देऊ नकोस हं."

"काय?"

"मानेवरची गाठ परत आलीये ते. तू, मी आणि पोरगी, बास. ही रडून घर डोक्यावर घेईल. मी शर्टांच्या कॉलरी उंच करून घेतल्यात, हिच्याकडूनच. म्हणते, म्हातारपणी हिरो व्हायचंय का? काही पत्ता नाही हिला."

त्या कॉलरी तिने भर उन्हाळ्यात शिवल्या होत्या, आत बकरमचं कडक अस्तर घालून. गाठीचं तिला सांगितलं थंडीत. तेव्हा तिघांनीही 'आत्ताच लक्षात आलं' असं तोंड केलं होतं.

पहिल्या दुखण्यात याच्या उलट्या कुणी काढल्या होत्या, अक्काने? रडूबाई म्हणून तिला वगळलं, आणि लपवायला मात्र तिचेच हात वापरले.

"नाही कळू देत तिला," ती म्हणाली. डोळ्यांत टिपूसही आलं नाही.

ताप उतरला. पुन्हा तोच प्रश्न झाला.

"माझी बायको. दुसरं कोण असणार?"

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

त्या गेल्यावर टेलरबाईने पिशवीतून त्याचा घरी जायचा शर्ट काढला आणि छोट्या कात्रीने कॉलर उसवायला घेतली.

"अगं, चांगली आहे की ती."

"आता कशाला हवी? मला माहितीये सगळं."

त्याचा हात आपसूक मानेकडे गेला. तिने वर पाहिलं नाही. तुटलेले दोरे एकेक करून ती मांडीवर ठेवत राहिली.