माझ्यातून पुसलेली एब्बा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या तोंडी एक भाषा आहे. तिच्यात तुम्ही खेळलात, भांडलात, कट्टी केलीत, बट्टी केलीत. आणि एके दिवशी घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘आता ती पुरे.’ असे ज्या मुलीचे झाले, तिच्या मांडीवर मी होते.

मी एक जुनी सर्फप्लाता आहे. तुम्ही मला टॅबलेट म्हणाल. पण मला विकत घेतले स्वीडनमध्ये, आणि माझे बारसेही तिथलेच. इंटरनेटमुळे नवी वस्तू किंवा नवी खोड आली, की तिकडचे लोक बहुधा दोन शब्द शेजारी बसवून तिला नाव देतात. लाटेवरून घसरावे तसे इंटरनेटवर फिरणे म्हणजे ‘सर्फ’, आणि ‘प्लाता’ म्हणजे सपाट फळी. झाले माझे नाव! पडदा आणि वेळ जोडून ‘शेर्मतीद’, म्हणजे पडद्यासमोर घालवलेला वेळ. इंटरनेटवर लपून लोकांना टोचणारा माणूस ‘नेत्त्रोल’. त्यात एक जाळे आहे आणि त्यांच्या गोष्टींतला रानातला राक्षस.

माझी मालकीण श्रिया तिथेच लहानाची मोठी झाली. तिचे बाबा अवधूत पुण्याचे इंजिनिअर. ऑफिसात इंग्रजीवर भागे, म्हणून ते स्वीडिश शिकलेच नाहीत. आई उल्काही नाही. इमारतीच्या दारावर नोटीस लागली, की ‘श्रिया, काय लिहिलंय गं?’ दुकानदार काही बोलला, की ‘श्रिया, काय म्हणतोय हा?’ तेव्हा तिच्या स्वीडिशचे केवढे कौतुक होते!

मग बाबांना सिंगापूरला नोकरी लागली. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेची माहिती सांभाळायची, तिच्या प्रती काढून ठेवायच्या, हे त्यांचे काम. तिथल्या सेंगकांग भागातल्या फ्लॅटमध्ये मीही आले. निघताना श्रियाच्या मैत्रिणीने, एब्बाने, तिला वचन दिले होते. दर रविवारी ती फोन करी आणि एक नवा शब्द आपल्या आवाजात पाठवी. शब्द, त्याचा अर्थ, आणि शेवटी खिदळणे. ते सगळे मी जपले. श्रियाही उत्तर पाठवी. एकदा एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, सगळे जण माना खाली घालून बसलेले पाहून तिने मला तोंडाजवळ धरले आणि ती कुजबुजली, ‘मोबीलसॉम्बी!’ मोबाइलमुळे चालते-बोलते भूत झालेला माणूस. त्या दिवशी तीही खूप खिदळली.

शाळेत मराठी नव्हती, म्हणून मातृभाषेच्या तासाला हिंदी घ्यावी लागली. हिंदीत गुण घसरले. बाबांनी शिकवणीचे अ‍ॅप आणले, आणि माझ्यात जागा पुरेना.

‘हे काय भरून ठेवलंय? नुसते आवाजाचे तुकडे!’ बाबा म्हणाले.

‘एब्बाचे आहेत ते. आधी श्रियाला विचार,’ उल्का म्हणाली.

‘अगं, इथे स्वीडिशला कोण विचारतंय? पोरगी हिंदीत काठावर पास होतेय!’

श्रिया धावत आली आणि शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, ‘बाबा, डोन्ट लाह! एब्बा आहे त्यात!’

‘चार-चार भाषा डोक्यात कोंबून कोणाचं भलं झालंय?’ असे म्हणत त्यांनी ‘पुसा’वर बोट टेकवले.

मित्रांनो, बँकेचा एक आकडा हरवू नये म्हणून हा माणूस दोन-दोन ठिकाणी प्रती ठेवतो. घरात मात्र एकही प्रत काढली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यांनी माझी भाषाही इंग्रजी केली. रविवारचा वेळ शिकवणीला गेला. एब्बाचे फोन आधी चुकले, मग थांबले. हिंदीचे गुण वाढले आणि पेढे आले. पुढे माझी काच तडकली, आणि माझी रवानगी टीव्हीखालच्या खणात झाली.

काही वर्षांनी, फेब्रुवारीत, एब्बा आई-वडिलांबरोबर सिंगापूर पाहायला आली, आणि श्रियाच्या घरीही आली. खण अर्धवट उघडा होता. एब्बा भरभर बोलत होती, नवा शब्द सांगत होती, अर्ध्यातच हसत होती. श्रियाने मान डोलावली. एब्बाने काहीतरी विचारले. श्रियाने पुन्हा नुसती मान डोलावली. एब्बाने तेच पुन्हा विचारले. तेव्हा श्रिया हळूच म्हणाली, ‘सॉरी... इंग्लिश कॅन?’

एब्बा थांबली. मग, पाहुण्यांशी बोलतात तसे, तिने जपून इंग्रजीत विचारले, ‘तुझी शाळा कशी आहे?’

माझी काच जपा, असे मी सांगणार नाही. काच कुठल्याही मॉलमध्ये बदलून मिळते. पण जे तुमचे नाही, ते पुसण्याआधी ज्याचे आहे त्याचे ऐका. तुमच्या घरच्या मोठ्यांनाही हे वाचून दाखवा.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, ‘एवढं काय मनावर घेतेस? अ‍ॅपवर पुन्हा शिकशील.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले, तेव्हा श्रियाने मला खणातून काढले, चार्जर लावला आणि माझी भाषा स्वीडिश केली. मग टेबलावरचा बाबांचा फोन घेतला आणि त्याचीही केली.

बाबा घाईत आले. ‘श्रिया, हे काय झालंय? मला एक अक्षर कळत नाहीये! वाचून दाखव बरं.’

तिने फोनकडे पाहिले. खूप वेळ पाहिले.

‘मलाही नाही कळत, बाबा,’ ती म्हणाली, आणि फोन तसाच त्यांच्या हातात ठेवून शाळेला निघून गेली.