दगडांची कोरी बाजू

लाँच धक्क्याला लागली, तेव्हा रंगारी दोराचं वेटोळं करत बसला होता. उतारू एकेक करून उतरले. त्यात त्याची लेक नव्हती.

लेक दवाखान्यात नर्स. दर मंगळवारी सकाळच्या लाँचने बेटाच्या पलीकडच्या टोकाला जायची, तान्ह्या पोरांना लस टोचायची आणि दुपारच्या लाँचने परत यायची.

"माझी पोरगी कुठंय?" त्याने विचारलं.

"राहिली मागे," लाँचवाला म्हणाला. "एक बाई अडली होती, तिला सोडून येईना. वारा उठला, मी तरी किती थांबणार? म्हणाली, तुम्ही निघा काका, मी पायवाटेने येते. बाबांच्या खुणा आहेत, डोळे मिटून येईन."

"आणि तू येऊ दिलीस?"

"घ्या! अख्खं जग तुझ्या खुणा बघून चालतं आणि तुलाच भरवसा नाही होय रे, पिवळ्या?"

नखांत कायम पिवळा रंग, म्हणून त्याला सगळे पिवळ्याच म्हणत. एरवी तो अशा बोलण्याला सव्याज परतफेड करायचा. आज तो ताडकन उठला.

"लाँच फिरव. मला तिकडे सोड."

"बाहेर लाटा बघ जरा. लाँच फुटेल आणि दोघंही मासे मोजत बसू तळाशी."

दोन वाजले होते. पाचला पूर्ण भरती. रंगाऱ्याने दोर खांद्यावर टाकला आणि वाट धरली.

ती वाट कड्याकड्याने नऊ मैल जाते. लांबलांबून माणसं ती चालायला येत, पाठीवर हे एवढाले बोजे घेऊन. सगळे या धक्क्यावरून निघत आणि पलीकडे पोचले की लाँचने परत येत. चालत परत कोणी येत नसे. त्यांच्यासाठी दरवर्षी हंगामाआधी रंगारी दगडादगडावर वीतभर पिवळा पट्टा ओढायचा. कचेरीतून दोन डबे रंग मिळे. पहिल्या वर्षी त्याने दगडांच्या दोन्ही बाजू रंगवल्या, तर डबे अर्ध्या वाटेतच संपले. तिसरा मागायला गेला, तर कारकून म्हणाला, "दोन म्हणजे दोन. रंग काय पितोस की काय?" मग रंगाऱ्याने आपलं डोकं चालवलं. सगळे जाताना चालतात, येताना बसून येतात. मागची बाजू काय खेकड्यांसाठी रंगवायची? तेव्हापासून बावीस वर्षं तो फक्त जाणाऱ्याला दिसेल तीच बाजू रंगवत आला. कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. झाकली मूठ.

पहिल्या दगडापाशी त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. नुसता दगड. काळा, शेवाळलेला, बाकीच्या हजार दगडांसारखा.

तो पळू लागला. साठीचं शरीर, पण पाय ऐकत होते. ऊन भट्टीसारखं. केवड्याची मुळं पायात येत होती, लाल चिखलात टाच घसरत होती. दोनदा पडला, तळहात सोलवटले. प्रत्येक वळणावर समोरून पिवळा पट्टा लख्ख दिसायचा, जसा काही दात काढून हसतोय. या वळणापुढे दिसेल, असं म्हणत तो वळण घ्यायचा. नाही, पुढच्या. त्याने हाका मारल्या, घसा फुटेस्तोवर मारल्या. समुद्र गिळून टाकत होता.

अर्ध्या वाटेवर फुटका कडा आहे. तिकडून येणाऱ्याची खरी वाट तिथे डावीकडे एका भेगेतून वर चढते. पण समोर सरळ दिसते ती दुसरीच वाट. खेकडे धरणाऱ्यांच्या पायांनी रुंद झालेली, बैल आपणहून वळेल अशी. ती खाली दोन कड्यांमधल्या वाळूच्या पुळणीवर उतरते. भरतीला ती पुळण बुडते.

भेगेच्या खालच्या तोंडाशी मोठा दगड. त्यावर त्याचा पट्टा, अलीकडून. रंगारी भेगेतून पलीकडे उतरला आणि थबकला.

चिखलात लेकीच्या बुटांचे ठसे होते. एकाच जागी नव्हते. दगडासमोर होते, उजवीकडे होते, पुन्हा समोर होते. तिने खूण शोधली होती. टाचा उचलून वरही पाहिलं असावं, कारण एका ठिकाणी नुसते चवडे उमटले होते. मग ठसे रुंद वाटेने खाली गेले होते.

"पोरी!" तो ओरडला आणि त्याच वाटेने घसरत सुटला.

पुळण दिसतच नव्हती. वाटेचा शेवटचा उतार पाण्याखाली गेला होता, फेस उसळत होता. कड्याला लागून एक खडक तेवढा वर होता आणि त्यावर लेक. पाणी कमरेपर्यंत, लशींची पेटी डोक्यावर.

"बाबा!"

रंगाऱ्याने दोर झाडाच्या बुंध्याला बांधला, दुसरं टोक फेकलं. दोर हातभर अलीकडे पडला. पुन्हा फेकला. पुन्हा तेच.

"पेटी टाक आणि उडी मार!"

"लशी आहेत यात!"

"टाक म्हणतो ना, मेले! पोरांना उद्या टोच, आज जीव वाचव!"

पेटी गेली. लाट आली. लेकीने उडी मारली आणि दिसेनाशी झाली. रंगाऱ्याच्या हातात दोर सैल होता, नुसता सैल. मग दोराला झटका बसला. त्याने पाय दगडाला रोवले आणि ओढलं. तळहाताची कातडी दोराबरोबर गेली, ते त्याला नंतर कळलं.

दोघंही उतारावर पडून राहिली, धापा टाकत. लेकीचा गुडघा फुटला होता.

"खुणा पुसल्यात बाबा," ती म्हणाली. "एकसुद्धा दिसली नाही. समुद्र उजव्या हाताला धरून आले कशीबशी."

पावसाने पुसल्या, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही.

"पुसल्या नाहीत," रंगारी म्हणाला. "या बाजूने मी काढतच नाही. बावीस वर्षं."

ती उठून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोन वर्षांमागे वाट चालायला आलेला तो चष्मेवाला याच पुळणीवर मेलेला सापडला," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याचीही लाँच चुकली होती. मृत्यूचे कागद मीच भरले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पोहायला उतरला असेल."

"म्हणालो."

"पायात बूट होते त्याच्या, बाबा. नाड्या बांधलेल्या. बूट घालून कोण पोहतं?"

रंगाऱ्याने खाली पाण्याकडे पाहिलं. लेक उभी होती तो खडक आता पाण्याखाली गेला होता.

बूट त्यानेही पाहिले होते. त्याच दिवशी पाहिले होते.