हळदीच्या बोटाएवढं

या खेपेला मधुराने खिडकी मागून घेतली, तीही डाव्या अंगाची. भोपाळहून बंगळूरला निघालेलं विमान वर गेलं की डावीकडे कलतं, मग मोठा तलाव दिसतो आणि तलावापलीकडे आपली वस्ती, कोटरा सुल्तानाबाद, हे तिला आईकडूनच ठाऊक. आई जन्मात विमानात बसली नव्हती. छतावर उभं राहून शिकलेली विद्या ती.

सहा वर्षांपूर्वी लेक नोकरीला निघाली, तेव्हा शारदाबाईंनी छतावर आपली हळदी रंगाची साडी पसरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि विमान दिसेनासं होईस्तोवर हात हलवत राहिल्या. उतरल्या उतरल्या फोन, दिसलं का गं? मधुरा मधल्या सीटवर झोपली होती. पण त्या आवाजापुढे तिच्या तोंडून निघून गेलं, "दिसलं ना. हळदीच्या बोटाएवढं." तेवढ्यावर आई गल्लीभर मिरवली. मग दर खेपेला साडी, विटा, ऊन. आणि दर खेपेला दिसलं.

परवा आईचं तेरावं झालं. साड्या वाटून टाकल्या, ही एक मधुराने उशाखाली दडवली. आज सामान बांधून झाल्यावर ती छतावर गेली आणि साडी पसरू लागली. मागून बाबा आले. वाळलेली साडी वाळत कशाला घालतेस, असं विचारलं, आणि मग स्वतःच एकेक वीट आणून देऊ लागले.

एकदा खरं दिसू दे, एवढंच तिचं मागणं होतं. एकदा दिसलं की मागचं सगळं खोटं धुऊन निघेल.

विमान कललं. खाली तलाव आला, ओंजळ सांडावी तसा टेकड्यांच्या कुशीत पसरलेला. कण्या विखुराव्यात तशा नावा. मागे कुणी म्हणालं, क्या नज़ारा है. मधुराने कपाळ काचेला टेकवलं. तलाव सरला आणि छतं आली. छतंच छतं, काळ्या टाक्या, प्रत्येक छतावर काही ना काही वाळत घातलेलं. पिवळं दहा ठिकाणी होतं. त्यातलं आपलं कुठलं, ते उमगायच्या आत विमान सरळ झालं आणि काचेत नुसतं आभाळ उरलं.

बंगळूरला उतरल्यावर फोन वाजला. बाबा. हा फोन करायचा मान आजवर आईचा होता.

"साडीपाशी उभा होतो," ते म्हणाले. "तिच्यासारखा हात हलवला. दिसलं का गं?"

सहा वर्षांच्या सवयीचा शब्द ओठांवर आला, आणि तिथेच सुकला.

"नाही, बाबा. कधीच दिसलं नव्हतं."

पलीकडे वारा वाजत होता. दोन तास झाले होते. बाबा अजून छतावरच होते.

"तिला कधी बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस." मग वीट सरकल्याचा आवाज आला, आणि थांबला. "मधू, काढून घेऊ का गं ही?"

समोरच्या पट्ट्यावरून तिची बॅग आली, वळली, पुढे निघून गेली. फोन कानाशी धरून मधुराने ती तशीच जाऊ दिली.