हर्षदाच्या तोंडातली तार

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीत नवा टीव्ही दाखवणारे पुरुष होते, सोन्याची पोत दाखवणाऱ्या बाया होत्या. पण लेकीचे दात दाखवणारी आई एकच होती, उषाबाई. कुणी नुसतं घोटभर पाणी प्यायला आलं तरी ती हाक मारायची, "हर्षू, काकूले दात दखाड बरं!" नववीतली हर्षदा लाजेनं अर्धी व्हायची, पण आईपुढे काय चालणार? तोंड उघडायची. दातांवर चिकटवलेले धातूचे बारके बारके चौकोन आणि त्यांतून ओवलेली चकचकीत तार. बघणाऱ्या बाईच्या कपाळाला आठी पडायची आणि उषाबाईच्या तोंडावर तेज चढायचं.

पोरीचे वरचे दात चांगलेच पुढे होते. शाळेतल्या पोरी तिला 'दंताळं' म्हणायच्या. त्यांतल्या एकीनंही शेतातलं दंताळं कधी बघितलेलं नव्हतं, पण टोमणा मात्र आईबापांच्या गाठोड्यात बसून खानदेशातून सुरतेला आला होता. घरात पोपटासारखी बोलणारी हर्षदा शाळेत मुकी झाली. उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. बाईंना वाटलं, पोरगी मठ्ठ आहे. हे 'मठ्ठ' उषाबाईच्या जिव्हारी लागलं. चौऱ्याण्णवचं ते प्लेगचं साल उलटून दोन वर्षं झाली होती आणि तेव्हा नाक दाबून जिथून जावं लागे ते रस्ते आता रोज झाडले जात होते. एवढं मोठं शहर ताळ्यावर येतं, तर पोरीचे चार दात का येणार नाहीत, असा तिचा सरळ हिशेब. साड्यांना लेस टाचून मिळवलेल्या कमाईवर तिनं उधन्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे तार बसवून घेतली. नवऱ्याला आधी विचारलं नाही, नंतर सांगितलं.

नवरा शालिग्राम कडोदऱ्याच्या लूमवर कामाला. मवाळ माणूस, 'बरं' म्हणून मोकळा झाला. बरं म्हटलं नाही ते त्याच्या मोठ्या भावानं, धुडकूनं. जेठानं भावजयीशी थेट बोलायचं नाही ही रीत, म्हणून तो उषाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं भावाला म्हणाला, "शाल्या, पोरगीना तोंडमा लोखंड कसाले भरं रे? लगीनमा भंगार देवानं शे का?"

उषाबाईनं पदर सारखा केला आणि तीही नवऱ्यालाच म्हणाली, "त्यास्ले सांगा, दिवाळीनंतरनी दिवाळी येऊ द्या. मनी पोरना दात मोत्यांना सरखा व्हतीन." मधे बसलेल्या शालिग्रामला दोन्हीकडून ऐकावं लागलं, त्यानं चहा पिऊन घेतला.

झालं, शब्द गेला. आता दात सरळ होणं हे एकट्या हर्षदाचं काम उरलं नाही.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. डावीकडच्या वरच्या सुळ्यावरचा चौकोन निखळला. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे मीनाक्षीबेननी, परत चिकटवला. थोड्याच दिवसांत परत निखळला. परत चिकटवला, परत तेच. बाकी सगळे चौकोन शहाण्यासारखे जागच्या जागी आणि हा एकच बंडखोर.

"बेन, छोकरी शुं खाय छे?" मीनाक्षीबेनचा आवाज चढला. "पहले दिन ही बोला था, दाँत से कुछ तोड़ना नहीं. हर बार चिपकाने से दाँत खराब होता है. अब टूटा तो मैं पूरा वायर निकाल दूँगी. आधा-अधूरा काम मुझे नहीं चाहिए."

उषाबाईनं रिक्षातच हिशेब मांडला. पूर्ण तार काढायची म्हणजे शाळेत पुन्हा तेच 'दंताळं' आणि घरी जेठाचं भंगार. घरी पोचताच तिनं लेकीला समोर बसवलं. "खरं सांग, काय चावतीस?"

"कानबाईनी आन, मम्मी, मी काहीच नही खादं!"

कानबाई देवीची आण कुणी खोटी घेत नाही, पण उषाबाईचा संशय बिबड्यांवर होता. माहेरून आलेला बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा फळीवर होता आणि हर्षदाचा जीव त्या कुरकुरीत बिबड्यांत. उषाबाईनं डबा उचलला आणि अख्खा शेजारच्या सुंदराबाईला देऊन टाकला. सुंदराबाईला वाटलं, आज पाडवाबिडवा आहे की काय. शेंगा बंद झाल्या, ऊस बंद झाला. भाकरी दुधात कुस्करून मिळू लागली. शालिग्रामला कोरडी भाकरी खाताना बघून हर्षदा उसासे टाकायची आणि तो बिचारा चोरासारखा तोंड फिरवून चावायचा.

इतकं करून एका दुपारी हर्षदानं तळहात पुढे केला. त्यावर तोच तो चौकोन. पोरीचे डोळे भरले होते.

उषाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. रागही आला आणि रडूही आलं. पण साड्यांचा गठ्ठा संध्याकाळी परत द्यायचा होता, तिथं रडायला सवड कुणाला? मायलेकी भिंतीला टेकून नेहमीसारख्या लेस टाचायला बसल्या. उषाबाईच्या मनात डॉक्टरीणबाईंशी भांडण चालू होतं. मी काय पोरीला दगड चारते का? काठाचं टोक आलं, तिनं गाठ मारली आणि नायलॉनचा धागा तोंडात धरून कट्कन तोडला.

तोडला आणि तिचा हात तसाच राहिला.

तिनं जिभेनं दात चाचपला. डावीकडचा, वरचा सुळा. इतक्या वर्षांच्या धाग्यांनी त्यावर बारीक खाच पडली होती. तिनं सावकाश मान वळवली. हर्षदा गाठ मारून धागा तोंडाशी नेत होती, डाव्याच बाजूनं, आईनं शिकवलं होतं तसाच.

"थांब!" उषाबाई एवढ्या जोरात ओरडली की सुंदराबाई हातात बिबडी घेऊन दारात आली.

गल्लीतली एकही बाई लेस टाचताना कातर घेत नसे. कातर शोधायची, उचलायची, ठेवायची, तेवढ्यात दुसरी साडी होते. दात कसे हाताशीच असतात. 'दाँत से कुछ तोड़ना नहीं' याचा अर्थ उषाबाईनं खाण्यापुरता घेतला होता. धागा काय, तो कुणी खातं का? उषाबाई आधी खो खो हसली, मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, "तुना काही गुन्हा नही वं माय. बिबड्याबी बिचाऱ्या फुकट गयात."

दुसऱ्याच दिवशी ती मीनाक्षीबेनकडे गेली आणि न लाजता सगळं सांगितलं. वर स्वतःचा खाच पडलेला दातही दाखवला. मीनाक्षीबेन हसल्या. "धागा भी नहीं, पेन का ढक्कन भी नहीं, नाखून भी नहीं," त्यांनी बजावलं आणि चौकोन पुन्हा चिकटवला. उषाबाईनं नाडीत ओवून एक लहान कातर हर्षदाच्या गळ्यात घातली, एक स्वतःच्याही. साड्या कमी झाल्या, होऊ देत. ठेकेदार कुरकुरला, कुरकुरू दे. तो सुळा मात्र त्यानंतर शहाणा झाला.

दहावीची परीक्षा झाल्यावर एके सकाळी तार निघाली. शालिग्रामनं त्या दिवशी खाडा केला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि लग्नाला निघाल्यासारखा उधन्याला आला. हर्षदानं आरसा हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग ती हसली, अगदी हिरड्या दिसेपर्यंत, आणि उषाबाईला वाटलं, आपण पोटातून एवढं सुंदर काहीतरी बाहेर काढलं होतं आणि आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

"दीवाल पर लगाने के लिए फोटो लूँ?" मीनाक्षीबेननी कॅमेरा काढला. भिंतीवर आधीच पुष्कळ फोटो होते. सगळ्यांत नुसते ओठ ताणलेले आणि मधे दात. कुणाचे ते कळायला मार्ग नाही.

शालिग्राम चुळबुळला. "दात तेवढे घ्या, मॅडम. पोरीची जात आहे. लोकं काय म्हणतील?"

उषाबाई तोंड उघडणार तेवढ्यात हर्षदाच खुर्चीत ताठ बसली. "मेडम, आखो चहेरो लो," ती स्वच्छ गुजरातीत म्हणाली. "नीचे मारूं नाम पण लखजो." मग बापाकडे वळली. "पप्पा, दात मना शेतस. मंग तोंड कोणं लावतीन?"

इतकी वर्षं लेकीच्या वतीनं गल्लीभर बोलत फिरलेल्या उषाबाईलाही आज मधे पडायची गरज वाटली नाही. तिनं पदर तोंडाला लावला, तो हसू लपवायला की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक.

शालिग्रामनं एकदा भिंतीवरच्या त्या बिनतोंडाच्या दातांकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मग शर्टाच्या खिशातून कंगवा काढून तिच्यापुढे धरला.

"मंग केस तं नीट कर," तो म्हणाला. "लोके दखतीन."