अर्धी चरवी

१९७६ साली मुंबईहून टीव्हीवाले मंद्रूपला शेतीच्या कार्यक्रमाचं शूटिंग करायला आले. मी सोलापूरची, त्यांची हंगामी मदतनीस. गावात दूध घालणाऱ्या सारजाबाईंनी कॅमेऱ्यासमोर म्हशीची धार काढली. चरवी अर्धीच भरली.

"चरवी काठोकाठ भरलेली हवी. पुन्हा काढा," दिग्दर्शक दाभोळकर म्हणाले.

"सांजंपत्तूर थांबा की, सायेब. म्हस काय नळ हाय?"

दाभोळकरांनी मला फर्मावलं, "त्यात पाणी ओता."

सारजाबाईंनी चरवी पोटाशी धरली. "समदं गाव माझं दूध पितं. पाणी घातलेलं जगाला दावू व्हय?"

मी तांब्यातलं पाणी म्हशीपुढं ओतलं.

"उद्यापासून येऊ नका!" दाभोळकर माझ्यावर ओरडले.

टीव्हीवर अर्धीच चरवी दिसली. दाभोळकर पुढे मोठे अधिकारी झाले. सारजाबाई मरेपर्यंत त्यांचं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. मी शाळेत शिकवलं. आजही ते पाणी म्हशीपुढंच ओतीन.