एकेरी झालर

डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या बाईला सगळे झालरबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या काउंटरवरच्या फौजदारबाईनं, आणि तेही लाडानं. फौजदारबाई काही पोलिसातली नव्हे. पेशंटना रांगेत उभं करताना तिचा आवाज तसा लागायचा, म्हणून दवाखान्यानं परस्पर तिला ती बढती देऊन टाकली होती. दोघी कितीतरी वर्षं शेजारी शेजारी बसत आल्या होत्या. एकीच्या डब्यात दुसरीचा हात असायचा, आणि एकीचं डोकं दुखलं की गोळी दुसरीच्या पर्समधून निघायची.

झालरबाईच्या अंगावर झालर असायची हे खरं, पण ती चारचौघांनी बघावी म्हणून नव्हे. फिक्या रंगाचा ब्लाउज, गळ्याशी बंद, बाह्या मनगटापर्यंत, आणि कुठेतरी एकच बारीक झालर. कधी कॉलरच्या कडेनं, कधी बटणांच्या पट्टीला लागून, कधी नुसतीच मनगटावर. दुहेरी झालर तिला भडक वाटायची, लेस तर नकोच. लहानपणी ती उंच, हाडापेरानं मोठी होती. आई म्हणायची, झालरी बाहुलीसारख्या पोरींना शोभतात, तुला लावली तर खिडकीचा पडदा दिसशील. आई हसत हसतच म्हणाली होती, पण पोरीच्या मनात ते जे रुतलं ते रुतलंच. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, आणि स्वतःच्या पगारातून पहिला ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा तिनं शिंपीणबाईला हळूच सांगितलं की कॉलरला एवढीशी झालर लावा, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढीच. लक्षात यायची नसेल तर लावायची कशाला, असं शिंपिणीनं विचारलं.  तरी तिनं लावून घेतली.

नवरा मालाची गाडी चालवायचा. त्याच्या नजरेला ती झालर पडायला बरेच दिवस गेले, आणि पडली तेव्हा तो म्हणाला, बरी आहे. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं. मुलगी मोठी झाल्यावर नाक मुरडायला लागली. तिच्या मते आई जुन्या फोटोतल्या नर्ससारखी दिसायची. झालरबाई दोघांचंही मनावर घेत नसे. रविवारी दुपारी घर सामसूम झालं की ती इस्त्री तापवायची आणि इस्त्रीच्या टोकानं एकेक चुणी उघडत बसायची. घाई नाही, कुणाची हाक नाही. घरात बाकी सगळं सगळ्यांचं होतं, तिची उशीसुद्धा. हे तेवढं तिचं एकटीचं होतं.

मग मोठ्या डॉक्टरांच्या सूनबाई दवाखान्याचा कारभार बघू लागल्या. शिकलेल्या, नीटनेटक्या. शिपायालासुद्धा अहो-जाहो करायच्या, कुणावर आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळे त्यांना नाही कसं म्हणायचं हेच कुणाला कळेना. पेशंट दारातून आत आला की आधी झालरबाईकडे वळतो, हे त्यांनी आल्या आल्या हेरलं. खरं कारण साधं होतं, तिचं काउंटर दाराला सगळ्यांत जवळ होतं. सूनबाईंना कारण दुसरंच दिसलं.

एका सकाळी, पेशंट यायच्या आधी, त्यांनी सगळ्या बायकांना पुढच्या हॉलमध्ये बोलावलं आणि झालरबाईला मधोमध उभं केलं.

"जरा वळता का?"

ती वळली.

"हे बघा," सूनबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "किती बायकी, आणि तरी कुठे दिखावा नाही. शालीन. माणसाला बघूनच बरं वाटतं. पुढे बसणाऱ्या प्रत्येकीच्या अंगावर मला हे हवंय."

झालरबाईचे कान तापले. खरं सांगायचं तर तिला आवडलं. जन्मात कुणी तिला असं चारचौघींत उभं करून चांगलं म्हटलं नव्हतं. ती हरभऱ्याच्या झाडावर चढली ती चढलीच. नमुन्यासाठी एक ब्लाउज मागितला, तर तिनं कपाटातला सगळ्यांत आवडता काढला, राखाडीकडे झुकणारा, मनगटाला झालर असलेला, आणि घडी मोडू नये म्हणून कागदात गुंडाळून नेऊन दिला. तो परत आला तो तुकड्या-तुकड्यांत. माप नीट मिळावं म्हणून कपडे शिवणाऱ्या कारखान्यानं सगळी शिवण उसवली होती. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, आणि झालरीची पट्टी रबर लावून गुंडाळलेली. चुण्या गेल्यावर ती नुसती चिंधी दिसत होती. तिनं ती पिशवी कपाटाच्या तळाशी सारली आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

नवे ब्लाउज आले ते सगळे एकाच फिक्या गुलाबी रंगाचे, चकाकणाऱ्या कापडाचे. झालर कॉलरला, पट्टीला आणि मनगटाला, तिन्हीकडे, आणि तीही दुहेरी. लांबून दिसायला हवी म्हणून जरा जास्त घेतली, असं सूनबाईंनी समजावलं. तपासणीच्या खोलीतल्या पोरींनाही तेच मिळाले. जोडीला नियम आले. नखांना रंग नको, बाह्या दुमडायच्या नाहीत, बोलायचं ते मऊ.

तपासणीच्या खोलीतल्या पोरींनी आपसात म्हणून घेतलं की हिची हौस होते आणि आम्ही फुकट केकचे डबे होऊन फिरतोय. पेशंटच्या डोळ्यात थेंब घालायला हात पुढे केला की मनगटाची झालर त्याच्या गालावर लोळायची. एकीची झालर दाराच्या कडीत अडकून फाटली तर ती फणकाऱ्यानं म्हणाली, झालरबाईंना विचारा, त्यांच्याकडे सुईदोरा असेल. पूर्वी ती हाक ऐकली की झालरबाई हसून मान वर करायची. आता हाक आली की खाली मान घालून कागद चाळायची.

फौजदारबाईनं सुरुवातीला सगळं थट्टेवारी नेलं. ती अंगानं रुंद, मान आखूड, त्यामुळे कॉलरची झालर तिच्या हनुवटीला टेकायची. "मी कशी दिसतेय सांगू? सोफ्याला कुणीतरी नोकरी दिलीय," ती म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. पण पुढे पेशंटही हसायला लागले. एक ओळखीचे म्हातारे होते. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी हिनं दरडावून दरडावून त्यांना औषध घालायला लावलं होतं. ते हिच्याकडे बघून म्हणाले, आज काय कुणाच्या लग्नाला निघालात की काय? त्यात वाईट काही नव्हतं. तरी फौजदारबाईचा चेहरा उतरला, आणि त्या दिवशी रांग वेडीवाकडी झाली तरी तिनं आवाज चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जुन्या साध्या शर्टात आली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सूनबाई तिला अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी बोलावलं झालरबाईला. मैत्रीण आहे तुमची, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी झालरबाई फौजदारबाईच्या घरी गेली. आतल्या खोलीत म्हातारे वडील रेडिओ लावून पडले होते. फौजदारबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. गुलाबी ब्लाउज खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, आणि त्याच्यावर वडिलांचे मोजे.

"पाठवलं तुला?" तिनं विचारलं.

"पाठवलं असं काही नाही."

"अगं, तुला खोटं बोलता येत नाही. कशाला तसदी घेतेस?"

झालरबाई वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसली. तिनं नोकरीचं सांगून पाहिलं, वडिलांच्या औषधपाण्याचं सांगून पाहिलं, थोडे दिवस घाल, मग सूनबाई विसरतील असंही सांगून पाहिलं. फौजदारबाई ऐकत होती, घड्या घालत होती. शेवटी हातातला टॉवेल तिनं बाजूला ठेवला.

"माझा तुझ्यावर राग नाही. तू घालतेस ते तुझ्या मनानं. मला ते दुसऱ्यानं घातलंय. बाईनं कसं असावं हे आईनं सांगून झालं, सासूनं सांगून झालं. आता या वयात मी तुझ्या ब्लाउजकडून शिकू का?"

झालरबाईनं खुर्चीवरच्या ब्लाउजकडे पाहिलं.

"एक कर. त्यांना एवढंच सांग की हे तू तुझ्या आवडीनं घालतेस, सगळ्यांनी घालावं म्हणून नाही. मी बोलले तर उर्मट ठरेन. तुझं बोलणं त्यांना गोड लागतं."

झालरबाईनं मान हलवली. मैत्रिणीचा हात हातात घेतला आणि उद्याच सांगते म्हणाली. घरी जाताना ते वाक्य तिनं मनात घोळवलं. भाजीत मीठ घालायचं विसरली, पण वाक्य विसरली नाही.

सकाळी सूनबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. पुढच्या सगळ्या काउंटरची प्रमुख म्हणून तिला नेमायचा विचार आहे, असं सांगितलं. झालरबाईनं कप उचलला.

"एक सांगू?" सूनबाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या बायका वाद घालत नाहीत. हा स्वभाव कपड्यांतूनच कळतो. बरं, मैत्रीण काय म्हणाल्या?"

वाक्य तयार होतं. अगदी जिभेवर होतं. पण ते बोलायचं म्हणजे वाद घालायचा, आणि समोरची बाई आताच तिचं कौतुक करून बसली होती. झालरबाईनं चहाचा घोट घेतला, घोटाबरोबर निम्मं वाक्य गिळलं, आणि उरलेलं जे बाहेर आलं ते असं:

"त्यांना... ते शोभत नाही."

सूनबाईंनी समजूतदारपणे मान डोलावली. "हो, माझ्याही मनात तेच होतं. काहींच्या अंगालाच ते नसतं. बरं झालं तुम्ही स्पष्ट बोललात."

तसं नाही, असं म्हणायला हवं होतं. एवढे दोन शब्द. झालरबाईनं कप रिकामा केला, आभार मानले आणि बाहेर आली.

दुपारपर्यंत फौजदारबाईची बदली तळघरात झाली, जिथे ऑपरेशनच्या चादरी आणि हिरवे डगले मोजून ठेवायचे. तिथे कुणी बघणारं नव्हतं, त्यामुळे तिथे साधा शर्ट चालणार होता. सूनबाईंनी तिला तेही गोड शब्दांतच सांगितलं असणार. ती वर आली, ड्रॉवरमधला आपला चष्मा, आपला कप, आपलं पाण्याचं भांडं पिशवीत भरलं, आणि झालरबाईच्या काउंटरसमोर, पेशंट उभे राहतात त्या बाजूला, येऊन उभी राहिली.

"शोभत नाही म्हणालीस?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तेवढ्यात एका पेशंटनं मधून हात घालून कागद पुढे केला. झालरबाईनं तो कागद घेतला. घ्यायची काही गरज नव्हती, तो माणूस थांबला असता. कागदावरून तिनं मान वर केली तेव्हा फौजदारबाई जिना उतरत होती.

त्यानंतर झालरबाई तळघरात गेली नाही असं नाही. डबा घेऊन गेली होती. फौजदारबाईनं जेवण झालंय म्हणून सांगितलं आणि चादरी मोजत राहिली. थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून गेली. निरोपाचं कुणी काही केलं नाही.

झालरबाई प्रमुख झाली. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, चला, नोकरी पक्की झाली. मैत्रिणीचंही तिनं त्याला सांगितलं, सगळं नाही, अर्धं. तो म्हणाला, तू काय करणार होतीस? हे ऐकावं म्हणूनच तिनं सांगितलं होतं, आणि ऐकल्यावर तिला त्याचा संताप आला.

गुलाबी कापडाला इस्त्री लागत नव्हती. आपले जुने ब्लाउज ती रविवारी घालून बघायची, आणि आरशात तिला कामावरची बाई दिसायची. शेवटी तिनं ते मुलीला देऊ केले. मुलीनं दोन बोटांनी एक उचलून पाहिला आणि परत ठेवला.

एकदा मात्र तिनं धीर केला. नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट मापाचा करून घेतला आणि तो घालून कामावर गेली. साधी कॉलर, कुठे चुणी नाही. बाह्यासुद्धा दुमडल्या. दिवसभर असंच बसायचं, काय व्हायचं ते होऊ दे, असं तिनं ठरवलं होतं. सूनबाई येताना तिच्यापाशी थांबल्या.

"आज बरं नाही का तुम्हाला?" त्यांनी काळजीनं विचारलं. "घरी जाऊन बदलून या ना. सावकाश या, मी बघते इथलं."

झालरबाई घरी गेली आणि बदलून आली. तपासणीच्या खोलीतल्या पोरी दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात नवऱ्याला खोकला धरला. कामावरून येता येता ती औषधांच्या एका मोठ्या दुकानात शिरली. रांगेत उभी राहिल्यावर तिला ओळखीचा आवाज आला. गल्ल्यामागे फौजदारबाई होती, साध्या शर्टात, बाह्या दुमडून. पुढच्या म्हाताऱ्या बाईला दटावत होती की, आजी, मागच्या वेळेसारखं अर्ध्यावर औषध सोडलंत तर मी घरी येऊन पाजीन. आजी खुशीत होती. काय बोलायचं ते झालरबाईनं पटकन ठरवलं. ते निम्मं वाक्य आता पुरं सांगायचं होतं, इथेच, सगळ्यांसमोर. अंगावर कामावरचा गुलाबी ब्लाउज होता. तिनं कोटाचं वरचं बटण लावून घेतलं, पण झालर वरून बाहेर येतच राहिली.

तिचा नंबर आला. फौजदारबाईनं तिच्याकडे पाहिलं, झालरीकडे पाहिलं.

"बोला, काय हवंय तुम्हाला?"

थट्टा करतेय असं वाटून झालरबाई हसली. "अगं, मी..."

"चिठ्ठी आणलीय का तुम्ही?"

तिनं चिठ्ठी दिली. फौजदारबाईनं फळीवरून बाटली काढली, पिशवीत घातली, आणि अगदी मऊ आवाजात, शब्द न चुकवता, समजावून सांगितलं. दिवसातून दोनदा. जेवणानंतर. बाटली हलवून घ्यायची. एवढ्या मऊ आवाजात ती बोलू शकते हे झालरबाईला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

पिशवी हातात आली तरी तिचा पाय निघेना. मागच्या माणसानं घसा खाकरून विचारलं,

"झालं का बाई तुमचं?"

"झालं," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.